पेट्रोलची गाडी विजेवर नेण्यापूर्वीं

पेट्रोलचा भाव चढला म्हणजे दारांतील जुनी गाडी घरच्या घरीं विजेवर चालविण्याचा विचार पुष्कळांच्या मनांत येतो. १९३९ ते १९४५ च्या महायुद्धांत पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हां आपल्या देशांत कित्येक मोटारींस कोळशाच्या गॅसची भट्टी जोडून काम भागविलें गेलें. परंतु त्या वेळीं इंजिन कायम राहत असे. येथें इंजिनच काढावयाचें असतें. सबब या कामाचा हिशेब आधीं समजून घ्यावा.

प्रथम अंतर पाहावें. रामटेकहून नागपूरच्या बाजारास जाऊन येण्यास सुमारें १०० किलोमीटर होतात. लहान गाडीस एवढ्या वाटेस पेट्रोल सुमारें ६ लिटर लागतें, आणि वीज सुमारें १५ युनिटें. बॅटरी अगदीं रिती होऊं देऊं नये, म्हणून ती २० युनिटांची धरावी. तिचें वजन सुमारें दीडशें किलो भरतें. तें पुढील व मागील चाकांवर नीट वांटलें पाहिजे. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटांतून तासास सुमारें ३ युनिटें मिळतात, म्हणजे ती भरण्यास रात्र जाते. उष्णतेनें बॅटरीचें आयुष्य घटतें. यास्तव वैशाखांत भर उन्हांतून आल्याबरोबर चार्जिंग लावूं नये. शेतीपंपाच्या जोडणीवर तर गाडी मुळींच चार्ज करूं नये. २००३ च्या विद्युत् कायद्याप्रमाणें तो अनधिकृत वापर ठरतो.

इंजिन, टाकी व धुराचा नळ काढून विजेची मोटर जाड धातूच्या तबकडीनें गिअरबॉक्सास जोडतात. दोन्ही दांडे एका रेषेंत नसल्यास बेअरिंगें झिजतात, हें पंप बसविणाऱ्यास सांगणें नलगे. मात्र पंपाचा मेन स्विच पाडला कीं प्रवाह थांबतो. बॅटरींत तो तसाच असतो. शंभर व्होल्टांवरील हा प्रवाह प्राणघातक आहे. रबरी हातमोजे व बॅटरीजवळ योग्य फ्यूज यांवांचून हात लावूं नये.

याहून सहज विसरणारी गोष्ट ब्रेकची. इंजिनाच्या शोषणानें ब्रेकला जोर मिळत असतो. इंजिन गेलें कीं तो जोरहि गेला. मग रामटेकच्या गडावरून उतरतांना नेहमींच्या दाबानें गाडी आवरत नाहीं. म्हणून विजेवर चालणारा स्वतंत्र व्हॅक्युम पंप बसविलाच पाहिजे.

आतां कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमामुळें असा फेरफार मालकास आपल्या मर्जीनें करतां येत नाहीं. २०१६ सालीं केंद्र सरकारनें यासाठीं नियम केले. पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या मान्य संस्थेनें तपासून संमत केलेला संच अधिकृत बसविणाऱ्याकडूनच बसवावा, परिवहन कार्यालयांत नोंद बदलून घ्यावी व विमा कंपनीस कळवावें. असें न केल्यास अपघाताच्या वेळीं भरपाईस मुकण्याचा प्रसंग येईल.

तात्पर्य, घरीं करावयाचें काम जोडणीचें नसून हिशेबाचें आहे. या बदलांत पैसा आधीं जातो व बचत मागाहून, गाडी जितकी चालेल तितकीच, पदरांत पडते. आठवड्यांतून एकदां बाजारास जाणाऱ्या गाडीवर हा खर्च सहसा फिटत नाहीं. रोज दूध वा भाजी नेणाऱ्या गाडीचा विचार वेगळा. यास्तव महिनाभर प्रत्येक फेरीचें अंतर वहींत टिपावें, आणि मगच निर्णय करावा.