परतीचा हिशेब

गड चढू पाहणाऱ्या माणसाला डोंगर आधीच बजावतो. पायथ्याची दोन वळणे चढताच श्वास लागतो, पोटऱ्या भरून येतात आणि ज्याला झेपत नाही तो तेथूनच मागे वळतो. त्याच्या घराकडची वाट उताराची असते. थकलेले पायही ती उतरून जातात. दरीचा स्वभाव याच्या उलट आहे. दरी माणसाला हसतखेळत खाली उतरू देते. सकाळचा गारवा असतो, पाय ताजे असतात, पाण्याच्या बाटल्या भरलेल्या असतात. चढ येतो तो शेवटी. तोवर ऊन डोक्यावर आलेले असते, पाणी संपत आलेले असते आणि सर्वांत लहान मूल कडेवर घ्या म्हणून रडू लागलेले असते. म्हणून मुलांनो, दरीत जाण्याचा बेत करावयाचा झाला, तर तो परतीच्या शेवटच्या पायरीपासून आरंभून मागे मागे आखावा.

अमेरिकेच्या अॅरिझोना प्रांतातील रखरखीत मुलखात कोलोरॅडो नदीने ग्रँड कॅन्यन नावाची प्रचंड घळ कोरली आहे. तिची लांबी सुमारे ४४६ किलोमीटर असून खोली दीड किलोमीटरहूनही अधिक आहे. वरच्या काठापेक्षा तिच्या तळाशी उष्मा पुष्कळच जास्त असतो. उन्हाळ्यात सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत चालू नका, असे तेथील वनरक्षक प्रवाशांना बजावीत असतात. उतरण्यास जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ चढण्यासाठी राखून ठेवा, हाही त्यांचा नियम आहे. हा नियम साधा आहे. परंतु खाली उतरणाऱ्याला तो पटत नाही, कारण त्या घटकेला त्याला काहीच जड वाटत नसते.

अशी दरी पाहण्यासाठी आपणांस सातासमुद्रापलीकडे जाण्याचे कारण नाही. खानदेशच्या दक्षिण सीमेवर सातमाळ्याच्या डोंगररांगा उभ्या आहेत. चाळीसगावहून कन्नडचा घाट, ज्यास औट्रम घाट असेही म्हणतात, तो चढून पठारावर गेले, की एका खोल घळीत पितळखोऱ्याची लेणी आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास ती कोरण्यास आरंभ झाला. घळीच्या दोन्ही अंगांस मिळून चौदा लेणी आहेत. पैठणच्या दानशूर लोकांची नावे येथील शिलालेखांत आढळतात. कारण पैठणचा व्यापार याच डोंगरांतून उत्तरेकडे जात असे. येथे सापडलेली एक यक्षमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविली, असे तिच्यावरच कोरलेले आहे. सोने घडविणाऱ्या हातांनी दगड घडविला, ही गोष्ट मला नेहमीच मोठी गोड वाटते. असो. आपल्या विषयाला महत्त्वाचे ते एवढेच, की या लेण्यांकडे जाताना पठारावरून पायऱ्यांनी खाली उतरावे लागते, आणि उतरलेली प्रत्येक पायरी परत चढावी लागते.

आमच्या दीपनगरच्या वसाहतीतील एका शेजारच्या कुटुंबाने दिवाळीच्या सुट्टीत तेथे जाण्याचे ठरविले. आजी, आई, बाबा, काका, आठवीत शिकणारी ताई आणि तिसरीतला धाकटा, असे सहा जण. बेत प्रथम वैशाखात निघाला होता, पण आजींनी तो एका वाक्यात मोडून काढला. भुसावळ-जळगावचा पारा वैशाखात पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो, हे आपल्याकडील पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्या दिवसांत डोंगरावरचे साग आणि सालई निष्पर्ण असतात, ओढा आटलेला असतो, आणि काळा कातळ तापला म्हणजे दोन्ही बाजूंनी भट्टीसारखा धगधगतो. पावसाळा सरल्यावर मात्र तीच घळ हिरवी असते.

ताईने वही घेऊन हिशेब मांडला. सकाळी आठ वाजता उतरण्यास आरंभ करावयाचा. बरोबर दहा वाजता, लेणी पाहून झालेली असोत वा नसोत, परत फिरावयाचे. आणि बारा वाजण्याच्या आत वर यावयाचे. एकूण चार तास. माणशी तासाला अर्धा लिटर पाणी धरले, तर खाली जाणाऱ्या पाच जणांस दहा लिटर लागते. त्यात दोन लिटर शिलकीचे मिळविले, म्हणजे बारा. त्यांपैकी उतरताना व लेणी पाहताना चार लिटरच वापरावयाचे. आठ लिटर चढासाठी राखावयाचे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे वहीत लिहिताना कोणाला जाणवत नाही, खांद्यावर घेतल्यावर जाणवते. म्हणून बाबा व काका यांनी चार-चार लिटर घेतले, आईने दोन, ताईने दीड आणि धाकट्याने अर्धा. अर्धी वाट उतरल्यावर चार बाटल्या झाडाखाली ठेवून द्याव्या, म्हणजे तेवढे ओझे वाचेल, अशी एक युक्ती काकांनी सुचविली होती.

"आणि वानरांनी त्या नेल्या तर?" धाकट्याने विचारले.

युक्ती रद्द झाली. तहानेची गोष्ट वानरांच्या भरवशावर सोडण्याजोगी नव्हे.

नुसते पाणी पुरेसे नसते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. घामाबरोबर शरीरातले मीठही जाते; त्या वेळी केवळ पाणीच पीत राहिले तर उलट अपाय होतो, डोके दुखते, मळमळते, प्रसंगी शुद्धही हरपते. म्हणून शिदोरी खारट असावी. खानदेशातील गृहिणींना हे कोणी शिकविण्याची गरज नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खारे शेंगदाणे, लिंबाचे लोणचे आणि गूळ ही आपली जुनी प्रवासाची शिदोरी या कामी उत्तम. याशिवाय आईने साखर-मिठाच्या पुड्या बांधून घेतल्या. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ असावे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साखर-मीठ मिश्रित पाण्याने असंख्य प्राण वाचविले. खिशात कांदा ठेवला म्हणजे ऊन लागत नाही, असा समज आपल्याकडे आहे. कांदा अवश्य न्यावा. मात्र खिशात न ठेवता भाकरीबरोबर खावा.

अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, डोक्याला पांढरा रुमाल, पायांत वापरून मऊ झालेले बूट. नवे बूट घालून दरीत उतरणे म्हणजे पायाला फोड आणण्याचे निमंत्रणच. अत्तर किंवा वासाचे तेल लावू नये, कड्याकडे दगड फेकू नयेत, धूर करू नये. कारण कड्याला आग्यामोहोळे असू शकतात.

या सगळ्या तयारीत मला अधिक मोलाची वाटली ती सराव करण्याची कल्पना. दीपनगरची भूमी सपाट, चढावे कोठे? तेव्हा पंधरा दिवस आधीपासून सर्व जण संध्याकाळी पाठीला ओझे बांधून वसाहतीतील तीन मजली इमारतीचा जिना चढू-उतरू लागले. बाबांनी दहा फेऱ्या केल्या. धाकट्याने आठ केल्या आणि नवव्या फेरीला तो पायरीवर बसून राहिला. आजींनी चार केल्या. पाचव्या फेरीला त्या खालीच थांबल्या.

"आई, आपण हळूहळू जाऊ. तू दमलीस तर मी हात धरीन," बाबा म्हणाले.

"हात धरून माणूस उतरतो, चढत नाही," आजी म्हणाल्या. "मी वरच थांबेन. आणि कोणीतरी वर असलेले बरे. तुम्ही बारापर्यंत आला नाहीत, हे घळीतल्या घळीत कोणाला कळणार आहे?"

बाबा क्षणभर गप्प राहिले. आजींना मागे ठेवणे त्यांच्या जिवावर आले होते. परंतु आजींनी सांगितलेले कामच सर्वांत जबाबदारीचे होते. दरीत फोन लागेलच असे नसते. वर बसणाऱ्या माणसाजवळ घड्याळ, उरलेले तीन लिटर पाणी आणि गाडीचा चालक असला, म्हणजे खालच्यांची अर्धी काळजी मिटते.

आणखी एक गोष्ट आकाशाची. आपल्या डोक्यावर ऊन असले म्हणजे पाऊस नाही, असे दरीत समजू नये. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अॅरिझोनातील अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीत अकरा प्रवासी वाहून गेले. वादळी पाऊस पडला होता तो तेथून कित्येक मैल वरच्या अंगाला. लोंढा मात्र घळीतून आला. आपल्याकडे ३१ ऑगस्ट २०२१ रोजी कन्नड घाटाच्या डोंगरांत असा पाऊस कोसळला, की घाटात दरडी पडून रस्ता बंद झाला आणि डोंगरी व तितूर या नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले. पितळखोऱ्याच्या प्राचीन शिल्पकारांनाही पाण्याची भीती होतीच. त्यांनी कातळातून पाट खोदून ते पाणी एका पाच फण्यांच्या नागाच्या मुखांतून बाहेर काढण्याची योजना केली. तरीही पाण्याने व काळाने ती लेणी पुष्कळ खाल्ली आहेत. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी हवामानाचा अंदाज पाहावा, आणि सकाळी पठारावर उभे राहून पाणी ज्या दिशेने येते तिकडच्या डोंगरांवर ढग आहेत का ते निरखावे. ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या-पाचोळा वाहत येऊ लागला, तर वस्तू गोळा करीत बसू नये; पात्र सोडून उंचावर चढावे. ढग दिसले तर उतरू नये. शंभर मैलांवरून आलो आहोत, आता माघारी कसे जावे, हा विचारच माणसाला दरीत लोटतो.

हा सर्व भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या परिसरात येतो. या अभयारण्याची घोषणा १९८६ साली झाली. म्हणून वनखात्याच्या नाक्यावर विचारपूस करून आणि नोंद करूनच पुढे जावे, असे ठरले. ओढ्याच्या पात्रातून थेट पाटणादेवीपर्यंत उतरणारी वाट काकांना खुणावीत होती. पण ती वाटाड्याशिवाय आणि लहान मुलांसह करण्याची नव्हे, म्हणून वहीतून तीही खोडली गेली.

निघण्याच्या संध्याकाळी ताई माझ्याकडे एक चिठ्ठी घेऊन आली. तिच्यात सहा जणांची नावे, वये आणि गाडीचा क्रमांक होता. खाली तिने स्वच्छ अक्षरात लिहिले होते : "गुरुजी, आम्ही उद्या सकाळी आठला पितळखोऱ्यात उतरू. आजी वर आहे. बारापर्यंत आम्ही वर येऊ आणि दोनच्या आत आपणांस फोन करू. चारपर्यंत फोन आला नाही, तर प्रथम आजीला फोन करावा. तिचाही लागला नाही, तर ११२ या क्रमांकावर कळवून ही चिठ्ठी वाचून दाखवावी."