रत्नागिरी दर्शन : सागरतीरावरील तीर्थे व भरती-ओहोटीचे भान

गणपतीपुळे व पावस ही कोकणातील तीर्थक्षेत्रे विदर्भातील भाविकांना सुपरिचित आहेत. या दोहोंच्या मधोमध वसलेले रत्नागिरी शहर मात्र अनेकदा केवळ उतरण्याचे स्थानक ठरते. वास्तविक या शहरात दोन दिवस सहज घालवावेत इतकी दर्शनीय स्थळे आहेत. या स्थळांची माहिती व समुद्रकिनारी बाळगावयाची सावधगिरी या लेखात एकत्रित दिली आहे.

प्रवास

नरखेड व काटोल ही स्थानके नागपूर-इटारसी लोहमार्गावर आहेत. नागपूरहून भुसावळ, नाशिकमार्गे कल्याण व तेथून पनवेलमार्गे कोकण रेल्वेने रत्नागिरीस जाता येते. १ मे १९९८ रोजी राष्ट्रार्पण झालेला कोकण रेल्वेचा मार्ग स्वतःच प्रेक्षणीय आहे. रत्नागिरीच्या अलीकडे लागणारा करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. वाहनाने जाणाऱ्यांसाठी वर्धा, यवतमाळ, नांदेड, सोलापूर, कोल्हापूर व आंबा घाट असा मार्ग सोयीचा आहे.

शहरातील दर्शनीय स्थळे

टिळक आळीतील कौलारू घर हे लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान होय. २३ जुलै १८५६ रोजी त्यांचा जन्म झाला व बालपणाची पहिली सुमारे दहा वर्षे या शहरात गेली. ही वास्तू आता स्मारक म्हणून जतन केली आहे.

पतितपावन मंदिर प्रत्येक भाविकाने आवर्जून पाहावे. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. ज्या काळी अनेक मंदिरांची दारे अस्पृश्य मानलेल्या बांधवांना बंद होती, त्या काळी सर्व जातींच्या हिंदूंना प्रवेश व पूजेचा समान अधिकार असावा या हेतूने या मंदिराची कल्पना पुढे आली. दानशूर भागोजीशेठ कीर यांनी ते स्वखर्चाने उभारले. १९३१ च्या फेब्रुवारीत ते सर्वांसाठी खुले झाले. येथे श्रीलक्ष्मीनारायणाच्या मूर्ती आहेत.

थिबा राजवाडा ही एका परक्या राजाच्या दुःखाची वास्तू आहे. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा थिबा यास पदच्युत केले व पुढील वर्षी सहकुटुंब रत्नागिरीस आणून ठेवले. १९१० च्या सुमारास हा वाडा त्याच्यासाठी बांधून पूर्ण झाला. १९१६ मध्ये येथेच त्याचे निधन झाले. मायदेश त्यास पुन्हा दिसला नाही. दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर याने रंगूनमध्ये देह ठेवला, तर ब्रह्मदेशाच्या राजाने रत्नागिरीत! जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्ये खाडीचे विहंगम दृश्य दिसते.

घोड्याच्या नालेच्या आकाराचा रत्नदुर्ग तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे. बालेकिल्ल्यात श्रीभगवती देवीचे मंदिर असून एका टोकास दीपगृह आहे. झाडगाव येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या मत्स्यालयात देवमाशाचा अवाढव्य सांगाडा आहे. मुलांना तो अवश्य दाखवावा. सायंकाळी मांडवीच्या धक्क्यावरून सूर्यास्त पाहावा.

पावस, गणपतीपुळे व मालगुंड

भाट्ये पुलावरून दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर पावस येथे स्वामी स्वरूपानंदांचे (१९०३-१९७४) समाधिमंदिर आहे. 'अभंग ज्ञानेश्वरी' ही त्यांची रचना होय. शांत बसून नामस्मरण करावे असे हे स्थान आहे.

उत्तरेस आरे-वारेच्या किनारी रस्त्याने सुमारे पंचवीस किलोमीटरवर गणपतीपुळे आहे. येथे डोंगरच श्रींचे स्वरूप मानला जात असल्याने प्रदक्षिणा संपूर्ण डोंगरास, सुमारे एक किलोमीटरची, घातली जाते. लगतच्या मालगुंड येथे आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक कवी केशवसुत यांचे स्मारक आहे.

समुद्र व नदी यांतील भेद

पाण्याचा कोप आपल्या तालुक्यास नवा नाही. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या महापुराने मोवाड गाव उद्ध्वस्त केले व दोनशेहून अधिक जीव गेले. ज्येष्ठांच्या मनातून तो दिवस अद्याप गेलेला नाही. त्यामुळे आपली माणसे पुराच्या पाण्यास भितात. परंतु समुद्रास भीत नाहीत, कारण तो निरभ्र दिवशी हसरा दिसतो. येथेच घात होतो. नदी वाढते ती पावसाने व गढूळ होऊन. समुद्र मात्र स्वच्छ उन्हात, दिवसातून दोन वेळा चढतो व दोन वेळा उतरतो. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर आजवर अनेक पर्यटकांचे प्राण गेले आहेत. पोहता येणारेही त्यात होते.

पंचांग व भरती

भरती-ओहोटी चंद्राच्या गतीवर चालते, म्हणून तिचा अंदाज पंचांगावरून बांधता येतो. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास मोठी भरती येते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास पाण्याचा चढउतार कमी असतो, त्यास भांग म्हणतात. भरतीची वेळ काढण्याचा जुना ठोकताळा असा : तिथीच्या अंकास तीनने गुणून चारने भागावे. येणारे उत्तर म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ होय.

उदाहरणार्थ, संकष्टी चतुर्थी घेऊ. चार गुणिले तीन, भागिले चार, उत्तर तीन. म्हणजे दुपारी व पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि सकाळी व रात्री नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. सकाळी दर्शन व प्रदक्षिणा आटोपून, प्रसाद घेऊन भाविक किनाऱ्यावर उतरतात, ती नेमकी पाणी चढण्याची वेळ. पुढे तीननंतर ओहोटी लागते व परतणारे पाणी माणसास आत ओढते. चतुर्थीच्या गर्दीत हे ध्यानात ठेवणे अत्यावश्यक आहे. हा केवळ ठोकताळा आहे; वेळ तासभर पुढेमागे होऊ शकते. म्हणून स्थानिक कोळी बांधव वा जीवरक्षक यांना विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये.

यात्रेकरूंसाठी सूचना

१. घोट्यापेक्षा अधिक खोल पाण्यात जाऊ नये. लाट परतताना पायाखालची वाळू सरकते व तोल जातो.

२. लहान मुलांचा हात क्षणभरही सोडू नये. समुद्राकडे पाठ करून छायाचित्र काढू नये.

३. ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडकांवर बसू नये. भरती मागील बाजूनेही वेढा घालते.

४. ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ झुंजू नये, दम संपतो. हात उंचावून मदत मागावी व किनाऱ्यास समांतर सरकून ओढीबाहेर यावे.

५. बुडणाऱ्यामागे उडी घेऊ नये. दोर, ओढणी किंवा रिकामा बंद डबा फेकावा व जीवरक्षकास हाक मारावी.

६. पावसाळ्यात दर्शन करावे, पाण्यात उतरू नये. जून व जुलैमध्ये यांत्रिक नौकांची मासेमारीही बंद असते. ज्यांचे जीवन समुद्रावर आहे ते कोळी बांधवसुद्धा नारळी पौर्णिमेस सागराला नारळ अर्पण करून मगच होड्या लोटण्याची परंपरा पाळत आले आहेत.

निघण्यापूर्वी प्रवासाच्या प्रत्येक दिवसापुढे पंचांगातील तिथी व त्यावरून काढलेली भरतीची वेळ एका कागदावर लिहून घ्यावी आणि तो कागद गटप्रमुखाजवळ ठेवावा.