गोंदण टिकते, भुवई का फिकटते?

वसई-विरार परिसरातील ब्यूटी पार्लरच्या पाट्यांवर आजकाल ‘मायक्रोब्लेडिंग’ हा शब्द वाचावयास मिळतो. विरळ भुवया दाट व नैसर्गिक दिसाव्यात म्हणून करावयाचा हा उपचार आहे. याच पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर वृद्ध स्त्रियांच्या कपाळावर व हातांवर गोंदण दिसते. दोन्हींमागचे तत्त्व एकच आहे : त्वचेला बारीक छेद देऊन रंगाचे कण आत बसवावयाचे. मग गोंदण जन्मभर टिकते आणि भुवईचा रंग साधारणपणे एकदोन वर्षांत फिकट होतो, हे कसे?

त्वचेचे दोन थर

आपल्या त्वचेत वर बाह्यत्वचा आणि तिच्याखाली अंतस्त्वचा असते. बाह्यत्वचेच्या पेशी तळाशी तयार होतात, वर सरकत जातात, मरतात आणि झडतात. हे चक्र सुमारे एक महिन्याचे असते. मेंदीचा रंग बाह्यत्वचेच्या अगदी वरच्या भागातच असल्यामुळे तो थोड्याच दिवसांत जातो.

गोंदणाची सुई अंतस्त्वचेपर्यंत पोहोचते. तेथे शिरलेला काजळीचा कण शरीराच्या दृष्टीने परका असतो. भक्षक पेशी धावून येतात व त्याला गिळतात; परंतु काजळी त्यांना पचत नाही. मग ती पेशी मेल्यावर कणाचे काय होते? फ्रान्समधील मार्सेय येथील शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून 2018 मध्ये याचे उत्तर दिले. मेलेल्या पेशीतून सुटलेले कण शेजारची नवी भक्षक पेशी गिळते. पालखीचे भोई बदलतात, पालखी मात्र तेथेच राहते!

मायक्रोब्लेडिंगमध्ये ओळीने बसविलेल्या बारीक सुयांच्या पात्याने केसासारख्या रेघा ओढतात. छेद उथळ असतो. तो अंतस्त्वचेच्या वरच्या भागापर्यंतच जातो. रंगही थोडा असतो. काही कण जखम भरताना खपलीबरोबर जातात, काही लसिकेबरोबर वाहून जातात आणि उरलेला रंग उन्हाने फिका पडतो. या रंगांत बहुधा लोहाची ऑक्साइडे असतात. वारली चित्रांच्या भिंतींना लावतात तो गेरूही याच कुळातला.

काळे निळे का दिसते?

काळ्या काजळीचे गोंदण निळसर-हिरवट दिसते. त्वचेत शिरलेल्या प्रकाशापैकी निळा प्रकाश अधिक विखुरतो व बाहेर परततो. तांबडा खोलवर जाऊन काजळीत शोषला जातो. करून पाहा : काचेच्या पेल्यातील पाण्यात दुधाचे चारपाच थेंब टाका, मागे काळा कागद धरा आणि बाजूने बॅटरीचा प्रकाश सोडा. पाणी निळसर दिसेल.

जखम ती जखमच

सौंदर्यासाठी केलेला छेद हीदेखील जखमच होय. एकाचे पाते दुसऱ्यासाठी वापरले तर यकृतदाह ‘ब’ व ‘क’ आणि एचआयव्ही यांचे विषाणू पसरू शकतात. यकृतदाह ‘ब’चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहतो. पाते स्पिरिटने पुसल्याने ते निर्जंतुक होत नाही. म्हणून बंद वेष्टनातले निर्जंतुक पाते आपल्यासमोर उघडावे आणि काम झाल्यावर टाकून द्यावे, हा पहिला नियम. रंगाची ॲलर्जी आहे काय, हे आधी थोड्या जागी तपासावे. ज्यांच्या जखमेचा व्रण फुगून वाढतो, ज्यांना मधुमेह आहे किंवा जे रक्त पातळ करण्याची औषधे घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उपचार करू नये. पुढे कधी एमआरआय तपासणी करावी लागली, तर भुवयांत लोहयुक्त रंग असल्याचे तेथे सांगावे.

भुवयांचे मूळ काम घाम डोळ्यांत उतरू न देणे हे आहे. रंगवलेल्या रेघांना ते जमत नाही. त्या फक्त रूप देतात. ते रूप हवे की नको, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण घरात कोणी पार्लरला निघाले, तर पात्याबद्दलचा प्रश्न विचारण्यास मात्र आठवणीने सांगा.