गाडीतला आवाज

आवाज हा शब्द उर्दूत आहे, तसाच तो मराठीतही आहे. दुकान, खर्च, कारागीर हे शब्दही दोन्ही भाषांत आहेत. या पाठात ते तुम्हांला भेटतील.

मोटारीत रेडिओ बसवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील गॅल्विन बंधूंच्या कारखान्याने १९३० साली मोटारीसाठी रेडिओ विकायला काढला. त्याचे नाव 'मोटोरोला' ठेवले. आज पुष्कळ गाड्यांत स्टिरिओ कारखान्यातूनच बसवून येतो. पण गाडी स्वस्त असेल तर स्टिरिओही साधाच असतो. किंमत कमी ठेवायची म्हणजे कोठेतरी काटकसर करावी लागते. ती बहुधा न दिसणाऱ्या वस्तूंत होते. दाराच्या जाळीमागचा स्पीकर कोण पाहतो? त्याचा पडदा पातळ कागदाचा आणि चुंबक लहान असतो.

आमच्या मोहल्ल्यात टूरिस्ट गाडी चालवणारे एक चाचा राहतात. दिवसाचे दहा-बारा तास त्यांचे गाडीतच जातात. बातम्या आणि जुनी गाणी हाच त्यांचा विरंगुळा. आवाज मोठा केला की तो फाटे. लहान ठेवला की रस्त्याच्या गोंगाटात शब्द कळत नसत. त्यांनी हळूहळू आठ हजार रुपये साठवले आणि ते एका दुकानात गेले.

"चाचा, हा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. हजार वॅटचा आहे. डिकीत मोठा वूफर ठेवू," दुकानदार म्हणाला.

"आणि दारातले स्पीकर?"

"ते राहू द्या. चालतात अजून."

चाचांनी पैसे खिशातच ठेवले आणि ते घरी आले. त्यांनी बरेच केले. कसे, ते समजण्यासाठी थोडे गणित करू.

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असते. गाडीतल्या स्पीकरचा रोध बहुधा ४ ओहम असतो. (विज्ञानाच्या तासाला तुम्ही ज्याला मुजाहमत म्हणता, तोच मराठीतला रोध.) १२ चा वर्ग १४४. त्याला ४ ने भागले की ३६ येतात. पण आवाजाची लहर सारखी वरखाली होत असते, म्हणून प्रत्यक्षात याच्या निम्मे, म्हणजे १८ वॅट मिळतात. इंजिन चालू असताना व्होल्ट १४ च्या आसपास जातात. तेव्हा हा आकडा फार तर २४ होतो. तरीही स्टिरिओच्या खोक्यावर 'प्रत्येक स्पीकरला ५० वॅट' असे छापलेले असते! तो आकडा क्षणभराचा असतो. रोजच्या ऐकण्याशी त्याचा फारसा संबंध नसतो.

वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आतल्या आत व्होल्ट वाढवू शकतो, हे खरे. पण वीज शेवटी बॅटरीतूनच यायची. १२ व्होल्टवर हजार वॅट हवे असतील तर ८० अ‍ॅम्पिअरपेक्षा जास्त प्रवाह लागेल. आता त्या अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज पाहा. तो २० अ‍ॅम्पिअरचा असेल, तर २० गुणिले १२ म्हणजे २४० वॅट. एवढी वीज आत जाते आणि त्यातलीही काही उष्णतेत वाया जाते. मग हजार वॅट बाहेर कोठून येणार? माझ्या मते खोक्यावरची मोठी अक्षरे वाचण्यापेक्षा फ्यूज वाचावा.

स्पीकर घेताना आणखी एक आकडा पाहावा. १ वॅट वीज दिली असता १ मीटर अंतरावर किती आवाज येतो, ते डेसिबेलमध्ये लिहिलेले असते. आवाज ३ डेसिबेलने वाढवायचा तर वीज दुप्पट लागते. म्हणून ८६ डेसिबेलच्या स्पीकरला जेथे ७२ वॅट लागतात, तेथे ९२ डेसिबेलच्या स्पीकरला १८ वॅट पुरतात. स्पीकर नीट निवडला तर अ‍ॅम्प्लिफायरचा खर्च वाचतो तो असा. चाचांनी शेवटी पुढच्या दोन दारांसाठी चांगले स्पीकर घेतले. मागचे जुनेच ठेवले. ऐकणारा पुढे बसतो, मग मागे पैसे कशाला घालायचे?

उरलेल्या पैशांतून त्यांनी दारांचे काम करून घेतले. हे काम लोक विसरतात. स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा समोरची हवा ढकलली जाते आणि मागची हवा ओढली जाते. या दोन लहरी एकमेकींत मिसळल्या तर त्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि जाड आवाज, म्हणजे बेस, नाहीसा होतो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोके असतात. कारागिराने ती झाकली, बाहेरच्या पत्र्याला आतून डँपिंग शीट चिकटवली आणि स्पीकरच्या कडेची फट फोमने बंद केली. पत्र्याची थरथर थांबली. मात्र दाराच्या अगदी खालच्या कडेला लहान छिद्रे असतात, ती त्याने मोकळी ठेवली. काचेवरून आत उतरलेले पावसाचे पाणी तेथूनच बाहेर जाते. ती बुजली तर पाणी साचून दार गंजते.

जोडणीत एक बारीक गोष्ट आहे. स्पीकरला अधिक आणि उणे अशी दोन टोके असतात. एका दाराची जोडणी उलटी झाली तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो आणि बेस पुन्हा हरवतो. हे तपासायला दीड व्होल्टचा सेल पुरतो. सेलचे अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला आणि उणे टोक उणे टोकाला क्षणभर लावले की पडदा बाहेर यायला हवा. गाडीची मूळ वायर कापू नये. तिच्यावर बसणारा तयार सॉकेट बाजारात मिळतो.

कोणी पुढे अ‍ॅम्प्लिफायर बसवलाच, तर बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवा. कारण वायर घासून गाडीच्या पत्र्याला टेकली तर फ्यूज उडतो आणि प्रवाह थांबतो. फ्यूज नसेल तर वायर तापून पेट घेते. हा फ्यूज वाचवायला काही दुकानांत वीस-तीस रुपयांसाठी टाळाटाळ करतात. गिऱ्हाइकाने बॉनेट उघडायला लावून तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.

स्वाध्याय

१. चाचांनी मागचे स्पीकर का बदलले नाहीत?
२. दाराच्या खालची छिद्रे मोकळी का ठेवावी लागतात?
३. एका अ‍ॅम्प्लिफायरवर '२००० वॅट' लिहिले आहे. त्याचा फ्यूज ३० अ‍ॅम्पिअरचा आहे. हिशेब करा आणि दुकानदाराला विचारायचा प्रश्न मराठीत लिहा.