मातीच्या कुंडीत काय लावू?

प्रश्न : बोदवडला गच्चीवर मातीच्या कुंड्यांत लावलेली रोपं उन्हाळ्यात करपतात. कोणती लावू?

उत्तर : मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते. मुळांना हवा मिळते, पण माती लवकर सुकते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकणाऱ्या तुमच्या भागात कोरफड, अडेनियम, सदाफुली, बोगनवेल बिनधास्त लावा. मोगराही चालेल, मात्र बारा इंची कुंडीत आणि रोज पाणी घालून. पुदिन्याचा हट्ट असेल तर प्लास्टिकची कुंडी बरी, तीही सावलीत. शेतातली नुसती काळी माती भरू नका. ओली असताना पाणी कोंडते, वाळली की तडकते. निम्मी वाळू आणि शेणखत मिसळा. कुंडीवरचे पांढरे डाग बहुधा बोअरच्या पाण्यातले क्षार असतात, घाबरू नका. हौसेने ऑइलपेंट मात्र फासू नका, छिद्रं बुजतात.