स्वयमचा कोर्स घेतेस, तर ऐक

बेटा, स्वयमवर नाव नोंदवलंस, छान केलंस. पण एकदम पाच कोर्स? चार सोड. एका सत्राला एकच घे, फार तर दोन.

आमच्या वेळी नागपुरात व्हीएनआयटीला नंबर लागला नाही की मिळेल ते कॉलेज, अन् तिथे शिकवतील तेवढीच विद्या. २००३ मध्ये आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएस्सीनं मिळून ऑनलाइन धड्यांचं एनपीटेल सुरू केलं, २०१७ मध्ये सरकारचं स्वयम आलं आणि एनपीटेलचे कोर्स त्यावर मिळू लागले. आता सक्करदऱ्याच्या पोरीला मद्रास-खरगपूरचा वर्ग घरबसल्या मिळतो. याची किंमत ठेव.

मात्र यात टिकणारे फार थोडे. हार्वर्ड-एमआयटीनं २०१२-१३ मधल्या आपल्या पहिल्या ऑनलाइन कोर्सेसचा हिशेब मांडला, तर ८,४१,६८७ नोंदण्यांमागे प्रमाणपत्रं निघाली ४३,१९६. हजेरी घेणारं कोणी नाही, पैसे गेल्याची रुखरुख नाही, मग एक आठवडा हुकतो आणि पुढचं सगळंच राहून जातं. म्हणून पहिले तीन आठवडे जिवापाड सांभाळ. असाइनमेंट शेवटच्या रात्रीवर टाकू नकोस. नेमकी तेव्हाच लाइट जाते.

व्हिडिओ नुसता बघत बसू नकोस. सरांनी गणित मांडलं की तिथेच थांबव, मोबाइल उपडा ठेव आणि वहीत स्वतः सोडव. अडलीस त्या ओळीच्या बाजूला वेळ लिही, १४:२० असं. नंतर तेवढाच तुकडा परत बघ. बघताना सगळं आल्यासारखं वाटतं गं, पेन हातात घेतला की खरं कळतं. इंग्रजीमुळे अडलं तर लाजू नकोस. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही आहेत. आधी ते कर.

शिकणं फुकट आहे, परीक्षा नाही. एनपीटेलच्या परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते, फी भरावी लागते आणि केंद्रावर जाऊन पेपर द्यावा लागतो. पोरं कोर्स पूर्ण करतात अन् हीच तारीख चुकवतात. असाइनमेंटचे २५ गुण, परीक्षेचे ७५. पहिल्यात किमान १० आणि दुसऱ्यात किमान ३० हवेत. एकातले जास्त दुसऱ्यात चालत नाहीत.

क्रेडिटचं आधी विचार. यूजीसीच्या २०२१ च्या नियमानं सत्रातल्या अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग स्वयमवरून घेता येतो, पण तुझ्या कॉलेजनं तो कोर्स मान्य केला पाहिजे. विभागप्रमुखांकडून लेखी घे. तोंडी 'होऊन जाईल'वर विसंबू नकोस.

आणि एकटीनं करू नकोस. वर्गातली एखादी पोरगी सोबत घे, रविवारी दोघी बसा, वहीत वेळ लिहिलेल्या ओळी एकमेकींना समजावून सांगा. आमच्याकडे या. वरची खोली रिकामीच असते, वायफायही पोचतो तिथे. मामीला मी सांगून ठेवतो.