पहिल्या किटआधीची खरेदी

पनवेलच्या बाजारात रंगाच्या दुकानात जाऊन नुसतं "थिनर द्या" म्हटलं, की समोर येतो तो एनसी थिनर. यात दुकानदाराचं काही चुकत नाही. त्याची रोजची गिऱ्हाइकं म्हणजे फर्निचरला पॉलिश मारणारे सुतार आणि गाड्यांचे डेंटिंग-पेंटिंगवाले. त्यांना तोच लागतो. माझ्या भाच्यालाही तोच मिळाला. त्याने मिग-२१ चं १:७२ मापाचं किट जोडलं होतं आणि शेपटीवर रंग जाड बसला म्हणून त्यावर थिनरचा बोळा फिरवला. रंग निघाला. त्याच्याबरोबर शेपटीवरच्या पत्र्याच्या जोडांच्या बारीक रेघाही गेल्या आणि कापसाचे तंतू मऊ झालेल्या प्लास्टिकात रुतून तिथेच वाळले. "मामा, हे घासून निघेल ना?" असं विचारत तो खांदा कॉलनीतून विमान डब्यात घालून माझ्याकडे आला.

निघण्यासारखं नव्हतं. ही किटं पॉलिस्टायरीनची असतात आणि एनसी थिनर ते विरघळवतो. अ‍ॅसिटोन आणि अ‍ॅसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हरही तेच करतं. अ‍ॅक्रिलिक रंग काढायला औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपाइल अल्कोहोल पुरलं असतं. ते पॉलिस्टायरीनला सहसा काही करत नाही. पण हे किटच्या कागदावर कुठेच छापलेलं नसतं. म्हणून सगळ्यात आधी एक सांगतो. भाग कापून झाले की उरलेली प्लास्टिकची फ्रेम फेकू नका. नवा रंग, नवा गोंद, नवा थिनर, कुठलाही द्रव आधी त्या फ्रेमवर लावा, तासभर थांबा, मग विमानाला हात लावा. भाच्याच्या टेबलाखाली फ्रेमचा ढीग पडलेला होता.

माझी नोकरी तळोज्याच्या एमआयडीसीत गेली, टूलरूममध्ये, इंजेक्शन मोल्डिंगचे साचे बनवण्यात. त्यामुळे किटची पेटी उघडली की मला विमानाआधी साचा दिसतो. दोन अर्धे मिटतात तिथली पार्टिंग लाइन, भागाला साच्याबाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांचे गोल ठसे, साचा झिजला की कडेला येणारी पातळ फ्लॅश. नवशिक्याला ही प्लास्टिकची खोड वाटते आणि तो ती रंगाखाली दडवायला बघतो. रंगाने काही दडत नाही, उलट उठून दिसतं. ब्रिटनच्या एअरफिक्सची कित्येक किटं अलीकडे भारतातच मोल्ड होतात. पेटीच्या बाजूला बारीक अक्षरात 'मेड इन इंडिया' असतं. माल देशी असो की जपानी, या खुणा असणारच, आणि हत्यारं घ्यायची ती त्या खुणा काढण्यासाठी. नवशिकी मंडळी पहिला पैसा रंगावर घालतात. तो कापण्या-घासण्यावर घालावा.

पहिली वस्तू निपर, म्हणजे कटर-पक्कड. घरातली वायरमनची पक्कड चालत नाही. तिच्या पात्याला दोन्ही बाजूंनी उतार असतो, त्यामुळे ती प्लास्टिक कापण्याआधी चेमटवते आणि भागावर पांढरा डाग उमटतो. तो डाग वरवरचा नसतो, आत खळगा पडलेला असतो. हवी ती एका बाजूने सपाट पात्याची. सर्किट बोर्डाखालचे पाय कापायला इलेक्ट्रॉनिक्सवाले असलेच कटर वापरतात आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला ते शे-दोनशे रुपयांच्या घरात मिळतात. खास मॉडेलसाठीचे जपानी निपर हजारांत जातात. ते उत्तमच, पण पहिल्या किटला नकोत.

कापायचं दोनदा. पहिला घाव भागापासून लांब, फ्रेमजवळ, म्हणजे भाग सुटा होतो. आता तो बोटात धरा, कटरची सपाट बाजू भागाकडे करा आणि उरलेला खुंट छाटा, पण अगदी मुळाशी नाही. अर्धा मिलिमीटर राहू द्या. तेवढं पात्याने तासायचं किंवा कानशीने घासायचं. एका फटक्यात मुळाशी कापायला गेलात तर पंखाच्या कडेचा चतकोर तुकडा कटरसोबत येतो आणि मग तो भरत बसावं लागतं. आणि या कटरने तार कापायची नाही. घरातल्या कुणी एकदा तार कापली, की धारेला पडलेली खाच पुढच्या प्रत्येक भागावर उमटते.

सुरीसाठी स्टेशनरीतला पेपरकटर घेऊ नका, त्याचं पातं डुगडुगतं. सर्जिकल दुकानात तीन नंबरचा हँडल आणि त्यावर बसणारी अकरा नंबरची टोकदार ब्लेडं मागा. डॉक्टर वापरतात तीच. स्वस्त, घट्ट बसणारी आणि भयंकर धारदार. बोट कापल्याचं लगेच कळतही नाही, रक्त दिसल्यावर कळतं. पातं बदलताना बोटांनी ओढायचं नाही, पकडीने धरायचं. हँडल टेबलावरून सुटला तर झेलायला जायचं नाही. खुर्ची मागे सारायची आणि पडू द्यायचा. टोक मोडून उडतं, म्हणून चष्मा नसणाऱ्याने साधा गॉगल घालावा. जुनी पाती औषधाच्या रिकाम्या डबीत साठवा, डबी भरली की झाकणावर चिकटपट्टी गुंडाळा आणि वर लिहून वेगळी द्या. आपला कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बायका असतात. खाली ए-फोर आकाराचा कटिंग मॅट हवाच. काचेवर कापलं की पात्याचं टोक बसतं आणि लाकडावर सुरी रेषेतून जाते.

घासण्याच्या वस्तू तर आपल्याकडे मुबलक आहेत. सोनारकामाच्या सुई-कानशींचा संच घ्या. चपटी, अर्धगोल आणि गोल, एवढ्या तीन रोज लागतात. पनवेलहून हार्बरने मशीद बंदरला उतरलं की नागदेवी स्ट्रीट चालत गाठता येते. तिथे हत्यारांची दुकानं आहेत आणि कानस हातात घेऊन बघता येते. ऑनलाइन घेतली की हे जमत नाही. वॉटर पेपर गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडेही मिळतो. ४००, ८०० आणि १२०० नंबरचे एकेक कागद आणा, पट्ट्या कापून आइस्क्रीमच्या काड्यांना चिकटवा आणि पाण्यात बुडवून घासा. ओलं घासलं की पूड उडत नाही आणि घर्षणाने प्लास्टिक तापून ओढलं जात नाही. सुकं घासायचंच असेल तर एन-९५ मास्क लावा.

चिमटा निवडताना तो मिटून उजेडाकडे धरा. टोकांत फट दिसली किंवा दाबल्यावर टोकं एकमेकांवरून सरकली, तर परत ठेवा. भाच्याने ऑनलाइन मागवलेल्या भल्यामोठ्या 'बिगिनर सेट'मधला चिमटा असाच होता; वैमानिकाची खुर्ची त्यातून उडाली ती अजून सापडलेली नाही. त्या सेटमधल्या निम्म्या वस्तूंचं काम काय, हे मलाही सांगता आलं नाही. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तो वाकड्या टोकाचा चिमटा एकटा त्या सेटवर भारी आहे. क्लॅम्पसाठी खर्च करू नका. कपडे वाळत घालायचे चिमटे आणि रबरबँड घरात असतात. मास्किंग टेप मात्र चांगली घ्या, स्वस्त टेपचा गोंद रंगावर राहतो.

गोंदाबद्दल जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण पहिली किटं बहुतेक इथेच वाया जातात. मॉडेलचं सिमेंट खरं तर चिकटवत नाही. ते दोन्ही कडांचं पॉलिस्टायरीन विरघळवतं, कडा एकमेकींत मिसळतात, द्रव उडून जातो आणि एकसंध जोड उरतो. म्हणून रंगवलेल्या कडेवर ते धरत नाही, आधी रंग खरवडावा लागतो. पातळ सिमेंटची पद्धत वेगळी आहे. भाग आधी कोरडेच जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं. द्रव आपणहून फटीत धावतो. पण त्याच फटीवर तुमचं बोट असेल तर तो बोटाखालीही धावतो आणि अंगठ्याचा ठसा विमानावर कायमचा उमटतो. बोट फटीपासून लांब ठेवा.

सुपरग्लू धातूच्या किंवा रेझिनच्या भागांसाठी ठेवा. काचेच्या भागांजवळ, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाजवळ, तो आणूच नका. त्याची वाफ काचेवर पांढरं धुकं बसवते आणि हवा दमट असली की ते आणखी वाढतं. झाकणाला आपला फेविकॉल लावा. वाळल्यावर तो जवळजवळ पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या काडीने पुसता येतो. पॉलिस्टायरीनवर त्याची पकड बेताचीच, पण झाकणावर भार तो किती!

फटी भरायला गाड्यांच्या रंगकामातली एनसी पुटी चालते. थर मात्र पातळ हवा आणि एका थरानंतर रात्रभर थांबायला हवं. जाड थर वाळताना आक्रसतो, शिवाय त्यातला थिनर खालचं प्लास्टिक मऊ करतो.

रंगवण्याआधी सगळे भाग कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून धुवा. साचा सुटावा म्हणून फवारलेलं तेल कधी असतं, कधी नसतं. आपल्या बोटांचं तेल तर असतंच. चित्रकलेच्या ट्यूबमधले अ‍ॅक्रिलिक रंग नुसत्या प्लास्टिकवर नखाने सोलून निघतात, म्हणून आधी प्रायमर लागतो. ब्रश कृत्रिम केसांचे, एक चपटा आणि एक-दोन बारीक. १९३१ साली दांडेकरांनी सुरू केलेल्या कॅम्लिनचे ब्रश कुठल्याही स्टेशनरीत मिळतात आणि सुरुवातीला ते पुरतात. रंग नवशिक्याने पाण्यात मिसळणारेच घ्यावेत. बाटलीवर अ‍ॅक्रिलिक लिहिलं म्हणजे तो पाण्याचाच असेल असं नाही. तामियाचे अ‍ॅक्रिलिक अल्कोहोलच्या वासाचे असतात, वालेहोचे पाण्याचे. झाकण उघडून वास घेतलात की फरक कळेल.

आता पनवेलच्या पावसाचं. जून ते सप्टेंबर इथे हवेतच पाणी असतं. स्प्रे कॅनमधल्या रंगाचा द्रव झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर पांढुरकी साय धरते. रंगारी याला ब्लशिंग म्हणतात. पावसाळ्यात स्प्रे बंद, ब्रश चालू, हे बरं. पाऊस म्हणून खिडक्या लावून स्प्रे मारणं तर त्याहून वाईट. गेल्या जुलैत भाच्याने तेच केलं, संध्याकाळी, आणि पलीकडच्या देवघरात आजीचं निरांजन चालू होतं. डोकं धरून उलट्या झाल्या तेवढ्यावर निभावलं. थिनरची वाफ पेट घेते. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकते आणि पलीकडच्या खोलीतल्या ज्योतीपर्यंत पोचू शकते. एन-९५ मास्क धुळीसाठी असतो, वाफ तो अडवत नाही. त्याला कार्बन कार्ट्रिजचा मास्क लागतो. सगळ्यात बरं म्हणजे कोरड्या दिवशी गच्चीवर जावं. आणि थिनर पाण्याच्या जुन्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये, घरात लहान मूल असो वा नसो.

पावसाळा डिकलचंही नुकसान करतो. पाण्यात भिजवून सरकवायच्या त्या खुणा दमट हवेत कागदालाच चिकटून बसतात. पेटी आली की डिकलचा कागद सिलिका जेलच्या पुडीसह झिप पिशवीत टाका. नव्या बुटांच्या खोक्यातल्या पुड्या आपण फेकून देतो, त्या ठेवाव्यात.

किट कोणतं घ्यावं? भाच्याने मिग-२१ घेतलं कारण २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडचा निरोप समारंभ त्याने टीव्हीवर पाहिला. १९६३ पासून हवाई दलात असलेल्या विमानाचं प्रेम समजण्यासारखं आहे. पण त्याच्या पंखांचा पसारा सात मीटरच्या जरा वर, म्हणजे १:७२ मध्ये जेमतेम दहा सेंटीमीटर, आणि चाकांचे दरवाजे तांदळाएवढे. हात बसलेला नसेल तर १:४८ घ्या. भाग मोठे असतात आणि बोटांत राहतात. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून इथल्या पोरांना प्रवासी विमानं हवी असतात. त्यांना १:१४४ चं ए-३२० बरं, पाऊण फुटाच्या आसपास पंख होतात. ज्यांना गोंदाचीच धास्ती आहे त्यांनी बांदाईचे गुंडाम रोबो घ्यावेत. ते नुसते दाबून बसतात, रंगही प्लास्टिकचाच असतो, आणि कटर-कानस शिकायला त्यासारखं दुसरं काही नाही. एअरफिक्सच्या स्टार्टर सेटमध्ये गोंद, ब्रश आणि लागतील तेवढे रंग येतात. तो घेतलात तर वर फक्त कटर, सुरी, मॅट आणि वॉटर पेपर आणा. छोट्या प्रमाणात नीट केलेलं काम कसं दिसतं ते बघायचं असेल, तर पुण्याला कोथरूडमध्ये १९९८ पासून जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे. विषय वेगळा, पण पोरांना घेऊन एकदा जाऊन या.

एअरब्रशबद्दल हमखास विचारलं जातं. पहिली दोन-तीन किटं ब्रशने पूर्ण झाल्याशिवाय घेऊ नका. एअरब्रशबरोबर कॉम्प्रेसर येतो, त्याची घरघर खालच्या मजल्यावर जाते, आणि प्रत्येक रंगानंतर सुई आणि नोझल उघडून धुवावी लागते. एकदा आळस केला की नोझल बंद. जोड नीट घासलेला नसेल तर एअरब्रश तो लपवत नाही, जास्तच स्पष्ट दाखवतो. दुकानदार काहीही म्हणो, ते पैसे तोवर बाजूला ठेवा आणि आधी कटर आणा.